'दरी' म्हणावे की 'खोरे'?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावाचे जलरंगातले चित्र पुरे केले. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे सुपारीच्या बागा, एक व्हाळ (ओढा). खाली चिठ्ठी लावली 'दरीतले गाव'. शेजारच्या काकांनी वाचून विचारले, "कोणाची गाडी पडली?" आता काय लिहू?

— काका बरोबर बोलले, ताई. दरीत बस कोसळते, गाव वसत नाही. 'व्हॅली म्हणजे दरी' हे शाळेत पाठ केलेले, ते काही पुसत नाही. संस्कृतात दरी म्हणजे गुहा. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त दरीगृहाच्या दाराशी ढग पडद्यासारखे लोंबतात. मराठीत ती डोंगरातली खोल चीर झाली, पण धास्ती तिला चिकटूनच राहिली. दोन माणसांत पडते तीही दरीच. जिथे शेते पिकतात, चुली पेटतात, ते खोरे.

— खोऱ्याला नदीचे नाव लागते: कृष्णेचे खोरे, म्हादईचे खोरे. आणि 2018 च्या म्हादई पाणीतंटा लवादाच्या निवाड्यापासून गोव्यात 'म्हादई खोरे' म्हटले की डोळ्यांपुढे टीएमसीचे आकडे येतात. चित्राखाली तसे लिहाल तर बघणारा पाण्याचा वाटा विचारील. शिवाय खोरे म्हणजे माती ओढायचे अवजारही. पैसा ओढतात तोही खोऱ्यानेच!

— मी सत्तरीचाच. आमच्या घरात दरीही नाही, खोरेही नाही. आई म्हणते, "सकयल कुळागर, वयर मोरड." उतारावरची पावसावर पिकणारी भातजमीन ती मोरड. खाली झरीचे पाणी पाटाने फिरवून माड-पोफळी, केळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, ते कुळागर. सगळ्या जागेला मिळून एक नाव कशाला हवे? जो तो आपल्या तुकड्याचे नाव घेतो.

— मग 'निसर्गचित्र' तरी का म्हणायचे? पाट माणसाने खणला, पोफळी माणसाने लावल्या. (हा माझा जुना हट्ट, सोडून द्या.)

— 'कुळागर' आवडले. चित्रात तेच मोठे आहे: वर पोफळींचे काळपट हिरवे शेंडे, खाली केळीच्या पानांचा पोपटी. घरी जुलैत रंगवले; हवेत इतकी ओल की पहिला हात अर्धा दिवस वाळेना आणि डोंगराची कड आभाळात उतरली. ती तशीच ठेवली, धुके वाटते. व्हाळाला रंगच लावलेला नाही, कागद कोरा राखलाय. चिठ्ठी लिहिली: 'कुळागर, पावसाळा'.

— पावसाळ्यात व्हाळ पांढरा? आमचा तर मातीने लाल होऊन धावतो.

— रेखाटन नोव्हेंबरातले होते, भाऊ.

— मग 'कुळागर, नोव्हेंबर' लिहा. धुके तेव्हाही असते.