'सेट'चे चारशे अर्थ : श्रीमंती की आळस?

ओसरीवरचा
भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना 'सेट' आडवा आला. सूर्य सेट होतो, जेली सेट होते, मोडलेलं हाड सेट करतात, टेबल सेट करतात, गजर सेट करतात. पुढे 'ऑफ' आला की फटाका उडतो, 'इन' आला की पावसाळा बसतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. नोंदच ६०,००० शब्दांची! लोक याला श्रीमंती म्हणतात. मला हा शुद्ध आळस वाटतो. आपल्याकडे सूर्य मावळतो, हाड बसवतात, पानं मांडतात, गजर लावतात. ज्या कामाला जे हत्यार.

फलाट क्र. ४
गजर 'लावलात' ना? मग 'लागणे'कडेही बघा. परवा एसटी फलाटाला लागली, घाट लागला, बायकोला गाडी लागली, मला डोळा लागला, गाव लागलं तेव्हा भूक लागलेली आणि खानावळीचं दार लागलेलं. ऑफिसातल्या बंगाली मित्राला म्हटलं, 'मला बस लागते.' त्याने प्रामाणिकपणे बसचं वेळापत्रक पाठवलं.

ओसरीवरचा
'लागणे'च्या तळाशी स्पर्श आहे. गाडी फलाटाला टेकते, पापणी पापणीला टेकते. 'सेट'ला असा कुठला तळ?

गाडी लागलेली बायको (फलाट क्र. ४ यांचीच)
आणि मला गाडी लागते तेव्हा कोण कुणाला टेकतं, तेही सांगा.

धातुसाधित
तळ आहे. 'सेट' म्हणजे 'सिट'चं प्रयोजक रूप, बसवणे. हाड बसवतात, टेबलावर ताटल्या बसवतात, सूर्य खाली बसतो. 'सिट' आणि संस्कृत 'सद्' यांचं मूळ एकच, म्हणजे आपली संसद आणि उपनिषद 'सेट'च्या लांबच्या बहिणी. मात्र कपबश्यांचा 'सेट', म्हणजे संच, हे नाम लॅटिन 'सेक्टा'वरून फ्रेंचमार्गे आलं. दोन वेगळी माणसं एकाच नावाने वावरतायत, आणि आपण एकालाच धरून बसलोय.

मोजणीदार
तसाही 'सेट'चा सर्वाधिक अर्थांचा मान गेलाय. ऑक्सफर्डवाल्यांनी सुधारित आवृत्तीसाठी 'रन' तपासला, तर क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. पण या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दार लागणं आणि कुलूप लागणं हा एक अर्थ की दोन? कोशकार जितकं बारीक चिरेल तितके तुकडे.

तासिकावाला
मी सेट पास आहे. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, तीच. अजून तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळे नातेवाईक म्हणतात, 'पोरगा सेट झाला नाही.' हे दोन अर्थ ऑक्सफर्डला कळवायचे का?

ओसरीवरचा
हेच माझं दुखणं! केस सेट, मूड सेट, पोरगा सेट, आता फ्रीजमधलं दहीसुद्धा 'सेट'. त्यांचा आळस आपल्याला चिकटला. माझी आजी म्हणायची, 'दही छान लागलंय.'

फलाट क्र. ४
लागलंय. चवीला की कवडीला?

ओसरीवरचा
दोन्ही. विषय बदलू नका. आणि पोरगा 'सेट' व्हायचा नाही, तो मार्गी

फलाट क्र. ४
बोला, बोला. मार्गी काय व्हायचा?

ओसरीवरचा
…लागायचा.