वावटळ धूळ नेमकी उचलते कशी?

कुतूहल: वावटळीच्या मध्यभागी दाब कमी असतो म्हणून धूळ ओढली जाते, असं वाचलं. मग सगळ्यात बारीक कण आधी उडायला हवेत ना?

जुना मास्तर: उलट आहे बघा! बारीक कण पिठासारखे एकमेकांना धरून बसतात. सहज सुटतात ते साधारण ०.१ मिलिमीटरचे वाळूचे कण. ते उड्या मारत पुढे सरकतात, खाली आदळले की बारीक धूळ उसळते आणि वर चढणाऱ्या गरम हवेबरोबर निघून जाते. वाळू फार वर जात नाही. पोटरीला टोचते ती हीच. मधला कमी दाब हातभार लावतो, पण पृथ्वीवर ती घट काही हेक्टोपास्कलांचीच (हे दाबाचं एकक; हवेचा एकूण दाब साधारण हजार हेक्टोपास्कल). खरं काम जमिनीलगतच्या गरगरत्या वाऱ्याचं.

भिंगरी: आणि विद्युतभार, सर?

जुना मास्तर: राहिलंच की! घर्षणाने लहान कण बहुधा ऋण, मोठे धन होतात. लहान वर, मोठे खाली, म्हणून विद्युतक्षेत्र तयार होतं.

कुतूहल: मंगळावर तर हवाच विरळ?

जुना मास्तर: हो, दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. वाऱ्याचा रेटा तोकडा पडतो, म्हणून तिथे मधल्या कमी दाबाचा वाटा मोठा असावा, असं माझं मत. २०२१मध्ये मंगळावरच्या नासाच्या पर्सिव्हरन्स या फिरत्या यानावरून एक वावटळ गेली. त्याच्या मायक्रोफोनवर कण आपटल्याचे आवाज आलेत. जरूर ऐका.