मदत हवी आहे: तीन मिनिटांत आपलं म्हणणं पटवून कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एस. वाय. बी. ए.ला आहे. आमच्या भागातल्या शाळेसमोरचा फूटपाथ दुचाक्या आणि दुकानांच्या पाट्यांनी इतका भरलेला असतो की पाचवी-सहावीची मुलं दप्तरं घेऊन रस्त्यावरून चालतात. आम्ही सहा जण चार महिने याच्या मागे आहोत. टेपनं मोजलं, चालायला 70 सेंटिमीटर जागा उरते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान 1.8 मीटर हवी. महापालिकेचं 2016चं पादचारी धोरणही आहे.

एवढं हाताशी असून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात माझं बोलणं फसलं. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा केल्यात, तसाच आवाज चढवून बोलले. साहेब म्हणाले, "अर्ज देऊन जा." जिना उतरताना लक्षात आलं, त्यांनी नेमकं काय करायचं हे मी सांगितलंच नव्हतं! स्पर्धेत परीक्षकाला फक्त गुण द्यायचे असतात, इथे समोरच्याला काम करायचं असतं.

दुकानदारांकडेही मी कायदाच सांगत बसले. किराणावाले काका चिडले, "पोटावर पाय देता का?" माझी मैत्रीण कधी स्टेजवर चढलेली नाही. तिनं विचारलं, "काका, शाळा सुटायच्या वेळी माल उतरवायची गाडी कुठे लावली तर तुम्हाला जमेल?" काका दहा मिनिटं बोलले आणि पाटी स्वतःहून आत घेतली. हे मला शिकायचंय.

पुढच्या आठवड्यात मोहल्ला समितीची, म्हणजे नागरिक महापालिकेच्या अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडतात ती, बैठक आहे. फार तर तीन मिनिटं मिळतील. मागणी एकच ठेवलीय: शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत बोलार्ड, म्हणजे फूटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून लावतात ते ठेंगणे खांब. सुरुवात मोजमापानं करू की तिथून रोज जाणाऱ्या मुलीच्या अनुभवानं? काही जण म्हणतात, सहावीच्या मुलीलाच उभं करा. दया यावी म्हणून लहान मुलांना पुढे करणं मला पटत नाही, पण रस्ता त्यांचा, मग त्यांचं म्हणणं त्यांनी का मांडू नये, असंही वाटतं.

आणि अधिकारी "पैशांची तरतूद नाही" म्हणाले तर? नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत पुण्यात आहे, हे माहीत आहे. ते वाद न घालता कसं सांगायचं?

महापालिकेत काम केलेलं किंवा अशा बैठकांना बसलेलं कुणी आहे का? रविवारी सकाळी सारसबागेत सराव करणार आहोत. कुणी तासभर साहेब होऊन आम्हाला अडवणारे प्रश्न विचारले, तर फार मदत होईल.