उत्तर : आधी तीन माणसे, मग जागा

निसर्गवादी समूह, म्हणजे एकत्र येऊन विवस्त्र वावरणाऱ्यांचे गट, ही पाश्चात्त्यांची कल्पना असून ती कोल्हापुरात रुजणार नाही, हे मत मला अर्धेच पटते. अशा समूहांपैकी सर्वांत जुन्या नोंदींतला एक समूह आपल्याच राज्यातील आहे : १८९१ मध्ये ठाण्याचे इंग्रज जिल्हा न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी तो काढला आणि आरंभी त्याचे सदस्य जेमतेम तीन होते. कुंभोजच्या बाहुबलीच्या विवस्त्र जैन मूर्तीचे उदाहरण इथे कोणी देऊ नये, कारण दिगंबरत्व हा त्याग आहे, हौस नव्हे.

मी लहानपणी तालमीत जात असे. लाल मातीने माखलेल्या, लंगोटावरच्या पंधरावीस जणांत कोणाला कोणाच्या देहाचे काही वाटत नसे. मात्र त्यांतलाच एखादा मुलगा हौदावर अंग धुऊन रस्त्यावर येण्याआधी सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावत असे. अडचण देहाची नसून उंबरठ्याची आहे, आणि कायदाही जवळजवळ तेच सांगतो : भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल अशा अश्लील कृत्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगते. त्यामुळे पन्हाळ्याच्या वाटेवर अशा समूहासाठी जागा शोधण्यापूर्वी आपापसांत विश्वास असलेली तीन माणसे शोधावीत.