कडू, स्ट्राँग, हॉप्सवाली बिअर : तुमचे अनुभव लिहा

खारदांडेकर
गणपतीपुढचं पपनस आज सोललं, सालीचा वास नाकात गेला आणि एकदम लोअर परळला प्यायलेली डबल आयपीए आठवली (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स जास्त घातलेली बिअर; हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं; डबल म्हणजे त्याहून स्ट्राँग). आठ टक्केवाली, तांबूस, फेस काचेला चिकटून हळूहळू खाली उतरणारा. वास हाच, पपनसाचा, मागून थोडी राळ. पहिला घोट गोडसर आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जो कडूपणा बसला तो हलेचना, वर घशात ऊब. मित्र म्हणाला कारल्याचा रस आहे आणि ग्लास माझ्याकडे सरकवला, माझं कामच झालं. लिहा तुम्ही पण, नसेल आवडली तरी.

फास्टलोकल
काल विसर्जन, आज हा धागा. बाप्पा अजून चौपाटी ओलांडून गेले नसतील हो 😄

माल्टोबा
बर्फगार पिऊ नका एवढंच सांगतो. उकळताना सुरुवातीला टाकलेल्या हॉप्सचा कडूपणा उतरतो पण वास वाफेबरोबर उडतो, म्हणून आंबवून झाल्यावर परत टाकतात, ड्राय हॉपिंग. सिट्रा, मोझॅक असले हॉप्स असतील तर पपनस, आंबा सगळं येतं नाकात. फ्रीजमधनं काढल्या काढल्या घंटा काही कळत नाही, दहा मिनिटं राहू दे. मे महिन्यात पाच पुरे.

वसईकरीण
मी आधी आयबीयूचा, म्हणजे कडूपणा मोजायचा आकडा बघूनच घाबरायचे. डबलला ६० ते १०० असतो, पण माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडवा तगडा असेल तर ८० वाली पण साध्या आयपीएपेक्षा सौम्य लागते. फक्त तिखटाबरोबर नको बाई, कोळंबी कोळीवाड्याबरोबर घेतली, तोंडाची नुसती आग. बोंबील फ्राय चालतो

जुना_परमिटरूम
हॉप्स बिअर टिकण्यासाठी असतात. सुएझ कालवा १८६९ ला उघडला, त्याआधी लंडनच्या हॉजसन ब्रुअरीची पेल एल आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने जहाजात हेलकावे खात इकडे यायची, हॉप्स जास्त म्हणून नासायची नाही. प्यायचे अर्थात साहेब लोक. आमच्या वेळी वेटर माइल्ड की स्ट्राँग एवढंच विचारायचा, वास कसला घेताय, बाटली गार आहे का ते बघायचं

माल्टोबा
काका 😂😂 बाय द वे कॅन घेताना तारीख बघाच. हॉप्सचा वास आधी जातो, मागे नुसता कडूपणा आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. हिरवी बाटली उन्हात ठेवलेली असेल तर हातच लावू नका

ठाणे_स्लो
मला नाही झेपली. अर्धा ग्लास बायकोने संपवला, ती म्हणे मस्त आहे. तेव्हापासून ऑर्डर तीच देते

फास्टलोकल
@वसईकरीण बोंबील कुठे चांगला मिळतो परळच्या बाजूला?

वसईकरीण
घरीच करा हो. ओले बोंबील चिरून पाट्याखाली दाबून ठेवायचे, पाणी निघून गेलं पाहिजे सगळं, नाहीतर तव्यावर लगदा होतो

फास्टलोकल
रवा की तांदळाचं पीठ?