थॉर्नटन-पिकार्ड हाफ प्लेट: बेलोजला भोकं, फोकस हुकतोय

काळापडदा: थॉर्नटन-पिकार्डचा रुबी, जुना लाकडी कॅमेरा, हाफ प्लेट (४¾ × ६½ इंच). लाकूड शाबूत, पण बेलोजच्या (लेन्स आणि मागची चौकट जोडणाऱ्या घडीच्या भात्याच्या) कोपऱ्यांना भोकं पडलीत. काचेच्या प्लेटच्या जुन्या डार्क स्लाइडमध्ये (प्लेट ठेवायच्या अंधाऱ्या चपट्या पेटीत) एक्स-रे फिल्म घालतो. फोकस बघायच्या दुधी काचेवर माणसाचे डोळे शार्प दिसतात, निगेटिव्हवर मांडीवरचे हात शार्प येतात! लेन्सच्या रिंगवर ४, ८, १६, ३२, ६४ आहे. हे लेन्सच्या छिद्राचे आकडे, म्हणजे ४ हा एफ ४ का?

सरसडबी: आधी बेलोज. दुधी काच काढून आत मोबाइलची बॅटरी लावा आणि अंधारात बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. टाचणीएवढ्या भोकांना आतून काळा फॅब्रिक रंग, दोन पातळ हात. चीर असेल तर पातळ काळ्या कापडाचं ठिगळ. बेलोज ताणलेला ठेवूनच रात्रभर वाळवा. ओला मिटलात तर घड्या चिकटतात आणि उघडताना चामडं सोलून निघतं. आणि कृपा करून खोबरेल तेल लावू नका, आतल्या अस्तराचा डिंक सुटतो. प्रत्येक कोपरा चाळणी झाला असेल तर ठिगळांचा नाद सोडून नवा बेलोज करा.

दुधीकाच: हात शार्प येताहेत, म्हणजे फिल्म मागे पडतेय. काचेची प्लेट साधारण दीड मिमी जाड, फिल्म जेमतेम ०.२. ती स्लाइडच्या पाठीला टेकली की १.३ मिमी मागे गेली. २१० मिमीच्या लेन्सने २ मीटरवर फोकस केलं, तर शार्पनेस सुमारे ९ सेंमी अलीकडे सरकतो. एफ २२ ला (लहान छिद्र) ही चूक झाकली जाते, एफ ८ ला (मोठं छिद्र) उघडी पडते.

उपाय सोपा आहे. फिल्मच्या मागे १.३ मिमीचा काळा पुठ्ठा घाला, म्हणजे फिल्म पुढच्या कडेला टेकेल. मग व्हर्नियरने, चौकट कॅमेऱ्यावर टेकते त्या कडेपासून दुधी काचेच्या खरखरीत बाजूपर्यंत मोजा, तसंच स्लाइडमध्ये फिल्मपर्यंत. फरक ०.२ मिमीच्या आत हवा. खरखरीत बाजू लेन्सकडेच आहे ना, तेही बघा. काच बदलताना बरेच जण उलटी बसवतात.

काळापडदा: पुठ्ठा घातला, बरोबर बसतंय. आकड्यांचं काय?

सरसडबी: ते जुने यूएस नंबर (यूएस म्हणजे युनिफॉर्म सिस्टिम, छिद्र मोजायची जुनी पद्धत). ४ म्हणजे एफ ८, ८ म्हणजे एफ ११, १६ तोच १६, ३२ म्हणजे २२, ६४ म्हणजे ३२. ४ ला एफ ४ धरलंत तर दोन स्टॉप अंडर जाल, म्हणजे फिल्मला चौथा हिस्साच प्रकाश मिळेल. लेन्स रॅपिड रेक्टिलिनियर (त्या काळची एक प्रकारची लेन्स) असेल तर एफ ८ च्या पुढे उघडणारच नाही.

दुधीकाच: फिल्म ८ × १० इंची घ्या, तिचे दोन हाफ प्लेट निघतात. प्रत्येक बाजूने अर्धा मिमी कमी कापा, नाहीतर दमट हवेत अडकते. ग्रीन-सेन्सिटिव्ह (हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देणारी) असेल तर आयएसओ ८० पासून सुरुवात; कापणं-धुणं गडद लाल दिव्यात. दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असतं, म्हणून ओरखडे टाळायला धुण्याच्या ट्रेच्या तळाला काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट घ्या. रोलर ब्लाइंड शटरचं (गुंडाळत्या पडद्याच्या शटरचं) कापड कडक झालं असेल तर तूर्त त्याला हात लावू नका. एफ २२ ला, सावलीत, लेन्सची टोपी काढून सेकंद मोजा.