सरकारी वकिलांची रिकामी पदं: "नसले तरी काय बिघडतं" म्हणणाऱ्यांसाठी

कोर्टातला_कारकून
परवा इथे एका भल्या गृहस्थाने चोरीच्या केसमध्ये आरोपी निर्दोष सुटल्याची बातमी टाकली आणि वर लिहिलं, "सरकारी वकील म्हणजे पगारी पुतळे, हरायचंच आहे तर पदं रिकामी ठेवा, तेवढाच तिजोरीला आधार." त्यावर लाईक्सचा पाऊस. माझं डोकं सणकलं म्हणून लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर पुढे जा.

मी रिटायर होईपर्यंत गोव्यात तालुक्याच्या कोर्टात कारकुनी केली, त्यामुळे एपीपी (असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर, म्हणजे खालच्या कोर्टातला सरकारी वकील) नावाचा प्राणी रोज समोरून पाहिलाय. सकाळी दहाला बोर्डावर चाळीस केसेस. जजसाहेबांना स्टेनो, आम्ही कारकून, शिपाई, बेलिफ सगळा लवाजमा. एपीपीला काय? एक कपाट, त्याची एक किल्ली, आणि पोलीस स्टेशनातून कोर्ट ड्युटीवर आलेला हवालदार मेहरबान असला तर फाईल शोधायला एक हात जास्त. अर्ज स्वतः टाईप करायचा, झेरॉक्स स्वतःच्या खिशातून. त्यात शेजारच्या कोर्टाचा एपीपी जजची परीक्षा पास होऊन गेला की त्याचा चार्ज पण ह्याच्याच गळ्यात. दोन्ही कोर्टं दहालाच बसणार आणि माणूस एक. इथे साक्षीदार पिंजऱ्यात उभा, तिथून शिपाई धावत येतो, "साहेब बोलावतात". मग पडते तारीख, आणि बातमीत येतं की सरकार पक्षाने मुदत मागितली.

आता १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. कलम २० खाली १० वर्षं किंवा वर शिक्षेच्या केसेसवर सरकारी वकिलांच्या खात्याच्या डायरेक्टरची देखरेख, ७ ते १० वाल्यांवर डेप्युटीची, त्याखालच्यांवर असिस्टंट डायरेक्टरची, आणि मधल्या ७ ते १० वाल्या केसेसचं चार्जशीट डेप्युटी वकिलाच्या नजरेने तपासणार. कल्पना एकदम बरोबर. पण खुर्चीत माणूस नसेल तर ते चार्जशीट काय खुर्ची वाचणार? आरोपीकडे पैसे नसतील तर त्याला लीगल एडचा वकील मिळतो, मिळायलाच हवा, घटनेचं कलम ३९अ आहे. पण जिच्या गळ्यातली चेन गेली त्या बाईच्या बाजूने बोलायला हा एकच काळा कोट आहे, आणि तुम्ही म्हणता तो पण नको.

साधा_करदाता
ते "भले गृहस्थ" मीच. गोव्यात सरकारी नोकर कमी पडतात असं म्हणणारा पहिला माणूस आज भेटला, नारळ फोडायला हवा. इथे प्रत्येक वाड्यावर एक एलडीसी (सरकारी क्लार्क), एक शिपाई आणि एक "लागेल आता" म्हणून वाट बघणारा. २०२४ ला नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारींनी पेपर भरले होते ते विसरलात? पदं भरा म्हणजे कुणाचे खिसे भरा, ते पण सांगा की. आणि हणजूणच्या किनाऱ्यावर मेलेली सापडलेली ती ब्रिटिश मुलगी, २००८ ची केस, २०१६ ला दोघंही आरोपी सुटले. हेच ना तुमचे बिचारे ओव्हरलोड वकील?

कोर्टातला_कारकून
ती केस सीबीआयकडे होती हो, तिथे उभा राहणारा वकील पण सीबीआयचा, आमच्या तालुक्याच्या एपीपीचा त्यात काडीचा संबंध नाही. आणि २०१९ ला हायकोर्टाने त्यातल्या एकाला दोषी धरलं, तेवढं मात्र सोयीस्कर विसरलात.

साधा_करदाता
बरं, ते चुकलं माझं, लिहून घ्या, पंचनामा करा. मग काणकोणची आयरिश मुलगी घ्या. २०१७ चा खून, निकाल २०२५ ला. सगळ्या जगाचं लक्ष असताना आठ वर्षं. आमच्यासारख्यांच्या केसला किती लागतील?

काळा_कोट
त्यात जन्मठेप लागली, आणि ती मिळवली राज्याच्याच सरकारी वकिलांनी, हे पण लिहा. मी आरोपीच्या बाजूने उभा राहतो त्यामुळे माझं मत ऐकून दोन्हीकडचे चिडतील. माणसं कमी आहेत हे खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं हे की फाईलच कुजकी येते. तोच हवालदार फिर्याद लिहितो, तोच पंच शोधतो, आणि पंच पण ठरलेला, पोलीस स्टेशनच्या बाजूचा गाडेवाला. किनाऱ्यावरच्या केसमध्ये साक्षीदार टुरिस्ट, तो दोन वर्षांनी दिल्लीत की लंडनात देव जाणे. असल्या फायलीवर दहा एपीपी बसवले तरी मी दुपारच्या जेवणाआधी आरोपी सोडवून आणतो.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी पोलीस खात्याचेच प्रॉसिक्युटर असायचे. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने शहाणे केसमध्ये महाराष्ट्राला सांगितलं की वकील पोलिसांच्या हाताखाली नकोत, वेगळं खातं करा, आणि ते योग्यच. पण आता वेगळे झाले ते इतके की एकमेकांशी बोलतच नाहीत. चार्जशीटमधलं भोक एपीपीला कळतं साक्षीच्या दिवशी. मला आदल्या रात्री कळलेलं असतं.

कोर्टातला_कारकून
तुम्हाला आदल्या रात्री कळतं कारण तुमच्याकडे दोन ज्युनियर आहेत पात्रांव! हेच तर घसा फोडून सांगतोय. त्याला एक ज्युनियर द्या, मग बघू जेवणाआधी कोण कुणाला सोडवतो.

सत्तरीची_सून
तुमचं कायद्याचं मला कळत नाही, माझं सांगते. दिराच्या स्कूटरवर मी मागे बसले होते, समोरून ट्रक आला, दीर गेले, मी वाचले. कुठल्या कोर्टात ते नको. साक्षीला बोलावलं तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती. पहिल्यांदा गेले तर साहेब रजेवर. दुसऱ्यांदा सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले, तीन वाजेपर्यंत बाकावर बसून परत, येताना कदंबाची बस चुकली ती वेगळीच. तिसऱ्यांदा वकीलच नवीन, दारात मला विचारतात, "तुम्ही फिर्यादी की पंच?" चौथ्यांदा साक्ष झाली, दहा मिनिटं. ट्रकवाला सुटला. निकालात म्हणे गाडी बेदरकार चालवल्याचा पुरावा नाही. अहो, ट्रक कसा आला, कुठल्या बाजूने आला, हॉर्न दिला की नाही हे मला कुणी विचारलंच नाही! विचारलं असतं तर सांगितलं असतं, अजून डोळ्यासमोर आहे. आता ह्यात माणसं कमी म्हणायची की माणूस आळशी म्हणायचा, तुम्हीच ठरवा, मी सहा वर्षं ठरवतेय.

साधा_करदाता
ताई, वाईट वाटलं वाचून. पण बघा, पद भरलेलंच होतं ना? माणूस होता, पगार घेत होता, आणि विचारलं नाही.

काळा_कोट
करदाते भाऊ, तिसऱ्या तारखेला नवा आलेला माणूस चौथ्या तारखेला काय विचारणार? साक्षीदाराला आधी दहा मिनिटं बसवून घेतलं की अर्धं काम होतं. ती दहा मिनिटं कुठून आणायची ते सांगा. (मी कारकुनांच्या बाजूने बोलतोय, आजचा दिवस नोंदवून ठेवा.)

मराठी_बाणा
सगळे मुळाला सोडून फांद्यांवर. पदं का भरत नाहीत? जाहिरात काढून बघा, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम. वर १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला. पेडणे, डिचोली, सत्तरीतली पोरं मराठी शाळेत शिकली, एलएलबी झाली, त्यांची भाषा "असल्यास उत्तम"? १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठी सरकारी कामाला चालेल असं लिहिलंय ते काय शोभेला?

मांडवीची_मासळी
झालं, आलं वळणावर. साहेब, पेडण्याचा पोर कोकणी बोलत नाही म्हणता? घरी आईशी काय बोलतो, संस्कृत? साक्षीदार कोकणीत बोलणार, मग वकिलाला कोकणी यायला नको?

मराठी_बाणा
बोलणं वेगळं, परीक्षेत सिद्ध करणं वेगळं. आणि घरातली भाषा तुम्ही ठरवू नका. १९६७ पासून हेच चाललंय.

मांडवीची_मासळी
हां, गोवा महाराष्ट्रात घालायचा की नाही तो ओपिनियन पोल आलाच, म्हटलं अजून कसा नाही आला. म्हादई पण आणा, कार्निव्हल आणा, इफ्फीचा सिनेमा महोत्सव आणा.

मराठी_बाणा
आणतोच. इफ्फीच्या मांडवाला पैसे निघतात, आणि एपीपीच्या झेरॉक्सला नाहीत, हे तुम्हाला चालतं. तुमच्यासारख्या पणजीकरांमुळेच

सत्तरीची_सून
अहो माझ्या दिराचा विषय चालला होता.

मांडवीची_मासळी
सॉरी बाय. पण "पणजीकरांमुळे" काय ते त्यांना पूर्ण करूदे. मी ताळगावची, आणि माझ्या आजीने मराठी पोथ्या वाचल्यात.

काळा_कोट
तुम्ही दोघं भांडताय त्या दोन्ही भाषा कोर्टाच्या रेकॉर्डवर येतच नाहीत. साक्षीदार कोकणी-मराठी मिसळून बोलतो, जज ऐकतात, स्टेनो इंग्रजीत टाईप करतो. माझी एक केस, मारहाणीची. म्हातारी साक्षीला, म्हणाली "कोयती मारली". टाईप झालं "नाईफ". मुद्देमालात हातभर कोयती. मी उलटतपासणीत ती उचलून दाखवली, "आजी, ही नाईफ आहे का?" आजी म्हणाली नाही, ही कोयती. तेवढ्यावर शस्त्राबद्दलची साक्ष विसंगत म्हणून मी युक्तिवाद केला आणि माझा माणूस सुटला. धंदा आहे, लाज नाही वाटत, पण आनंद पण नाही.

मराठी_बाणा
बघा! भाषेचाच मुद्दा निघाला की नाही.

मांडवीची_मासळी
"कोयती" कोकणीतही कोयतीच हां, एवढंच बोलते. समोर सरकारी वकील होता ना, त्याला भाषा येत नव्हती?

काळा_कोट
त्याला भाषा येत होती, चांगला डिचोलीचा माणूस. तो उठून "नाईफ नव्हे, कोयती लिहा" म्हणाला असता, किंवा फेरतपासणीत आजीला एक प्रश्न टाकला असता, तर माझी हवा गुल. पण तो त्या वेळी शेजारच्या कोर्टात जामिनाच्या अर्जावर उभा होता. परत आला तोवर आजी सही करून खाली उतरली होती.

कोर्टातला_कारकून
तो कोण ते मला कळलं. नाव घेत नाही. भला माणूस, त्या दिवशी त्याने जेवण पण केलं नव्हतं.

मराठी_बाणा
ठीक आहे, ह्या एका केसमध्ये माणूस कमी होता. जाहिरातीचा मुद्दा मी सोडलेला नाही.

साधा_करदाता
एक शंका. समजा एपीपी नाहीच, तर कलेक्टर पोलीस इन्स्पेक्टरला उभा करू शकतो असं वाचलं होतं. मग फुकटात काम होत नाही का?

काळा_कोट
जुन्या कायद्यात होतं, नव्या संहितेत पण आहे, कलम १९(३). आता सरकारला १४ दिवसांची नोटीस देऊन. इन्स्पेक्टरच्या खालचा नको, आणि तपासात हात असलेला नको. छोट्या पोलीस स्टेशनात तपासाला हात न लावलेला इन्स्पेक्टर शोधून दाखवा, फेणी माझ्याकडून.

साधा_करदाता
बरं. एपीपीला एक क्लार्क द्या, एवढ्यावर माझी हरकत नाही. पण तो क्लार्क परीक्षेने भरा, आमदाराच्या चिठ्ठीने नको. आणि "पगारी पुतळे" मी मागे घेत नाही, फक्त "सगळेच" असं म्हणणार नाही.

कोर्टातला_कारकून
तेवढं चालेल. पोस्टमध्ये एडिट करा मग.

साधा_करदाता
एडिटचं बटण चालत नाहीये.

सत्तरीची_सून
माझ्या फोनवर चालतंय.